योकोझुना कोण होतं, आणि ते ठरवतं कोण?

सुमोमध्ये सर्वांत वरच्या पदावर पोहोचायला नेमकं काय करावं लागतं? बहुतेक ठिकाणी याचं एका ओळीचं उत्तर सापडतं: ओझेकी या पदावर असताना लागोपाठ दोन स्पर्धा जिंका, की झालात योकोझुना. पण हे उत्तर हातात घेऊन तुम्ही गेल्या चाळीसेक वर्षांच्या बढत्या तपासायला बसलात, तर गोंधळून जाल. एकही स्पर्धा न जिंकलेला मल्ल योकोझुना झालेला दिसेल, आणि एकाच वर्षात तीन स्पर्धा जिंकलेल्याला थांबवून ठेवलेलंही दिसेल.

क्रीडासंस्थांमधली पदं आणि त्यांचे नियम कसे घडत गेले, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. त्यामुळे असा गोंधळ दिसला की मला बरं वाटतं, कारण नियम आणि निर्णय जिथे जुळत नाहीत तिथे बहुधा जुना इतिहास दडलेला असतो. या लेखात एवढंच सांगायचंय: योकोझुना हे मुळात पद नव्हतंच. ते पद कसं बनलं हे कळलं, की आजचे निर्णयही बरेचसे कळायला लागतात.

आधी शिडी समजून घेऊ

जपानमध्ये वर्षाला सहा मोठ्या सुमो स्पर्धा होतात, दर विषम महिन्यात एक. १९५८ पासून हाच क्रम आहे. प्रत्येक स्पर्धेआधी ‘बानझुके’ प्रसिद्ध होते. बानझुके म्हणजे सगळ्या मल्लांची उतरत्या क्रमाने लावलेली यादी. वरची नावं ठळक आणि मोठी, खाली जाल तशी अक्षरं बारीक होत जातात. तळाची नावं वाचायला भिंग घ्यावं लागतं. पूर्व आणि पश्चिम अशा तिच्या दोन बाजू असतात, आणि एकाच पदावर दोघे असतील तर पूर्वेकडचा किंचित वरचा.

एकूण सहा वर्ग आहेत. वरून माकुउची, जूऱ्यो, माकुशिता, सानदानमे, जोनिदान आणि जोनोकुची. यातल्या पहिल्या दोन वर्गांत मिळून फक्त ७० जागा: माकुउचीत ४२, जूऱ्योत २८. पगार मिळतो तो या ७० जणांनाच. २०१९ मध्ये ठरलेल्या दरांनुसार जूऱ्योतल्या मल्लाला महिन्याला ११ लाख येन, तर योकोझुनाला ३० लाख. त्यांच्या खालच्यांना पगार नाही, थोडाफार भत्ता मिळतो. ते तालमीतच राहतात, स्वयंपाक करतात, वरच्यांची कामं करतात. म्हणजे ७०व्या आणि ७१व्या जागेमधली ती एक रेघ माणसाचं सगळं आयुष्य बदलून टाकते.

वर जाण्याचा हिशोब तसा सरळ आहे. वरच्या दोन वर्गांत एका स्पर्धेत १५ कुस्त्या होतात. आठ जिंकल्या की सहसा वर, आठ हरल्या की खाली. माकुउचीच्या आतही माएगाशिरा, कोमुसुबी, सेकिवाके अशा पायऱ्या आहेत आणि तिथपर्यंत साधारण हाच हिशोब चालतो. पुढे मात्र खेळ बदलतो. ओझेकीला एक वाईट स्पर्धा माफ असते. लागोपाठ दुसऱ्यांदा आठ हरला तर तो सेकिवाके होतो, आणि लगेच पुढच्या स्पर्धेत दहा जिंकल्या तर पद परत मिळतं. आणि योकोझुना? त्याला खाली आणताच येत नाही. जमत नसेल तर निवृत्त व्हायचं, बस्स.

एवढ्या काटेकोर शिडीच्या टोकाला खाली न उतरणारी अशी ही एकच पायरी का असावी?

पद नव्हे, परवाना

योको म्हणजे आडवा आणि त्सुना म्हणजे दोर. योकोझुना हे त्या पांढऱ्या जाड दोराचं नाव आहे, जो कमरेला बांधून मल्ल आखाड्यात प्रवेशाचा विधी करतो. एदोतली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी उभी बानझुके १७५७ ची आहे आणि तिच्यावर सर्वोच्च पद आहे ओझेकी. योकोझुना शब्दही नाही.

दोर आला १७८९ मध्ये. कुमामोतोच्या होसोकावा सरदारांच्या पदरी योशिदा त्सुकासा नावाचं घराणं होतं. सुमोचे विधी आणि पंचांची परंपरा आपल्याकडे आहे, असा त्यांचा दावा होता. त्या वर्षी या घराण्याने तानिकाझे आणि ओनोगावा या दोन लोकप्रिय मल्लांना दोर बांधून विधी करण्याचा परवाना दिला. दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, खुद्द शोगुनसमोर सुमो झाला आणि त्याची व्यवस्थाही योशिदांनीच पाहिली. दोराला मान मिळाला आणि तो देणाऱ्याचं वजनही वाढलं.

बानझुकेवर मात्र हे दोघे ओझेकीच राहिले. दोर ही शिडीची पायरी नव्हती, शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरचं भूषण होतं. भूषण काढून घेऊन माणसाला खाली उतरवायचा प्रश्नच येत नाही. योकोझुनाची पदावनती होत नाही याचं मूळ मला इथे दिसतं.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे रायदेन तामेएमोन. हा माणूस सोळा वर्षं ओझेकी होता. त्याच्या नावावर २५४ विजय आणि फक्त १० पराभव आहेत. १८११ मध्ये तो निवृत्त झाला, पण दोर त्याला कधीच मिळाला नाही. का नाही मिळाला, यावर भरपूर तर्क लढवले गेलेत. पण एक साधी गोष्ट बघा: १७८९ नंतरचा पुढचा परवाना थेट १८२८ मध्ये दिला गेला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत तो कुणालाच मिळाला नाही. ‘रायदेनला बढती का नाकारली?’ हा प्रश्न आपण आजच्या नियमाचा चष्मा लावून विचारतो. त्याच्या काळी अशी बढतीच नव्हती.

मग आज आपण ‘अमुक क्रमांकाचा योकोझुना’ असं म्हणतो, ते कुठून आलं? १९०० मध्ये जिनमाकु या निवृत्त मल्लाने तोक्योतल्या तोमिओका हाचिमान देवळात योकोझुनांची नावं कोरलेली शिळा उभारली. तो स्वतःही दोर मिळालेला. त्याने मागे जाऊन यादी तयार केली, क्रमांक लावले, आणि तेच क्रमांक रूढ झाले. रायदेनला यादीत जागा नव्हती, तरी शिळेवर त्याचं नाव ‘अतुलनीय मल्ल’ म्हणून वेगळं कोरलेलं आहे. सर्वांत मोठ्या मल्लालाच वगळायचं कसं, ही अडचण जिनमाकुलाही जाणवली असणार.

कागदावर आला तो रुसव्यामुळे

बानझुकेवर ‘योकोझुना’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला मे १८९० मध्ये. निशिनोउमीला दोराचा परवाना मिळाला होता, पण त्याचं नाव मुख्य चौकटीबाहेर लिहायचं ठरलं होतं. तो नाराज झाला. त्याची समजूत काढायला नावाशेजारी ‘योकोझुना’ लिहिलं गेलं. पुढे १९०९ मध्ये, र्‍योगोकुला पहिलं कायमचं सुमोगृह उभं राहिलं त्याच वर्षी, नियमांत ते अधिकृत पद ठरलं. म्हणजे आधी समजूत, मग नियम.

जुन्या व्यवस्थेची खूण अजूनही पुसलेली नाही. बानझुकेवर दोन ओझेकी असायलाच हवेत. योकोझुना नसला तरी चालतो. मार्च २०२० मध्ये ओझेकी एकच उरला, तेव्हा योकोझुना काकुर्‍यूच्या नावापुढे चक्क ‘योकोझुना-ओझेकी’ असं छापलं गेलं.

मंडळ आणि ‘दोन स्पर्धां’चा नियम

जानेवारी १९५० मध्ये तीन योकोझुनांनी स्पर्धा अर्धवट सोडली. लोक चिडले. सुमो संघटनेने योकोझुनालाही खाली आणता येईल का याचा विचार सुरू केला, पण त्याला विरोध झाला. मग त्याच वर्षी बाहेरच्या प्रतिष्ठित व्यक्तींचं ‘योकोझुना विचारविनिमय मंडळ’ नेमलं गेलं. खाली आणता येत नसेल तर वर नेतानाच काळजी घेऊ, असा हा मार्ग. १९५१ मध्ये चियोनोयामापासून दोर देण्याचा अधिकार योशिदांकडून संघटनेकडे आला.

मंडळाच्या नियमात तीन गोष्टी आहेत. मल्लाचं ‘हिनकाकु’, म्हणजे शील आणि भारदस्तपणा, आणि त्याची ताकद, दोन्ही असामान्य हवीत. ओझेकी असताना लागोपाठ दोन विजेतेपदं हवीत. किंवा ‘त्या तोडीची’ कामगिरी हवी. मात्र त्यासाठी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. सगळी मेख त्या तिसऱ्या कलमात आहे.

१९८६ मध्ये फुताहागुरोला याच कलमाच्या आधारावर बढती मिळाली. त्याच्या नावावर एकही विजेतेपद नव्हतं. पुढच्याच वर्षाअखेरीस तालमीच्या वस्तादांशी भांडून त्याने सुमो सोडला, तेही विजेतेपदाशिवाय. मंडळाने याचा धसका घेतला. १९९० ते २०१२ या काळात आठ योकोझुना झाले आणि आठही जणांनी लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या होत्या.

या कडक काळात सापडला कोनिशिकी. हवाईत जन्मलेला, अवाढव्य देहाचा ओझेकी. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो जिंकला, जानेवारीत १२ विजय, मार्च १९९२ मध्ये पुन्हा विजेता. तीन स्पर्धांत ४५ पैकी ३८ कुस्त्या जिंकल्या, पण बढती नाही. त्याच सुमारास मंडळाच्या एका सदस्याने परदेशी योकोझुना नकोच असा लेख मासिकात लिहिला. आपण जपानी असतो तर योकोझुना झालो असतो, असं विधान कोनिशिकीच्या नावावर छापून आलं. त्याने ते नाकारलं, तरी जाहीर माफी मागावी लागली ती त्यालाच.

मग हा निव्वळ परदेशी-जपानी भेदभाव होता का? इतकं सोपं नाही. १९९४ मध्ये ताकानोहाना हा साऱ्या जपानचा लाडका मल्ल वर्षातली तिसरी स्पर्धा एकही कुस्ती न हरता जिंकला, तरी दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. नोव्हेंबरमध्ये पुन्हा १५ पैकी १५ जिंकल्यावरच त्याला दोर मिळाला. त्याआधी १९९३ मध्ये आकेबोनो पहिला परदेशी योकोझुना झाला होता, कारण त्याने लागोपाठ दोन स्पर्धा जिंकून मंडळाला ‘हिनकाकु’वर बोलायला जागाच ठेवली नाही. माझं मत असं: नियम कडक असताना परक्या माणसाला निदान एक मोजता येणारी वाट असते. ‘त्या तोडीची’ हा शब्द आला, की कुणाची तोड कुणाला दिसते, यावर सगळं अवलंबून राहतं.

२०१४ पासून वारं पुन्हा फिरलं. तेव्हापासून २०२५ च्या मध्यापर्यंत पाच योकोझुना झाले. काकुर्‍यू, किसेनोसातो, तेरुनोफुजी आणि होशोर्‍यू यांच्यापैकी कुणीही ओझेकी असताना लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या नव्हत्या. फक्त ओनोसातोने जिंकल्या, मार्च आणि मे २०२५ मध्ये. आणि तोही पदार्पणापासून अवघ्या १३ स्पर्धांत वर पोहोचला. होशोर्‍यूला बढती मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये, त्याच स्पर्धेत तेरुनोफुजी निवृत्त झाला होता आणि योकोझुनाची जागा रिकामी पडली होती.

रिकाम्या जागेचा हिशोब

जागेचं हे गणित ओझेकीच्या बढतीत आणखी उघड दिसतं. तिथे तीन स्पर्धांत मिळून ३३ विजय असा संकेत आहे. २००६ मध्ये मियाबियामाने ३४ जिंकल्या. पण तेव्हा पाच ओझेकी आधीच होते. त्याला बढती मिळाली नाही, आणि ओझेकीपद त्याच्या वाट्याला पुन्हा कधी आलंच नाही. मार्च २०२० मध्ये आसानोयामाच्या ३२ झाल्या आणि तो ओझेकी झाला. तेव्हा ओझेकी एकच होता, हे वर आलंच आहे.

वर पोहोचण्याची किंमत

आता शेवटचा मुद्दा, जो आकडे बघताना हमखास निसटतो. तेरुनोफुजी ओझेकी असताना त्याचे गुडघे गेले, मधुमेहाने गाठलं. तो घसरत घसरत मार्च २०१९ मध्ये खालून दुसऱ्या वर्गात, जोनिदानमध्ये पोहोचला. तिथून एकेक पायरी चढत तो परत आला आणि २०२१ मध्ये ७३वा योकोझुना झाला. किसेनोसातो जानेवारी २०१७ मध्ये योकोझुना झाला. मार्चमध्ये जखमी अवस्थेत त्याने स्पर्धा जिंकली, आणि पुढच्या लागोपाठ आठ स्पर्धा त्याने एकतर अर्ध्यात सोडल्या किंवा तो उतरलाच नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो निवृत्त झाला. एकाला घसरण्याची सोय होती, म्हणून तो परत चढू शकला. दुसऱ्याला ती सोयच नव्हती.

१९५३ मध्ये चियोनोयामाने आपण होऊन विनंती केली होती: माझं पद परत घ्या, मला ओझेकीपासून पुन्हा सुरुवात करू द्या. संघटनेने ती मान्य केली नाही. अंगावरचं भूषण उतरवून ठेवता येतं. त्याचं पद झालं की ते उतरवायची वाट फक्त निवृत्तीतून जाते.

तेव्हा यापुढे एखाद्या ओझेकीच्या बढतीची चर्चा वाचाल, तर त्याने किती कुस्त्या जिंकल्या एवढंच बघू नका. वर किती जागा रिकाम्या आहेत, मागची बढती कशी ठरली होती, आणि ‘त्या तोडीची’ हे कोण ठरवतंय, हेही बघा. आणि जमलं तर त्याच्या गुडघ्यांकडेही.