सोडवणुकीचा हिशेब

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका पहिल्यापासून क्रमाने पाहावयाची असे ठरवले, तेव्हा एका सहकारी प्राध्यापिकाबाईंनी आणि मी मिळून एक वही मांडली होती. वहीत रकाने दोनच : डॉक्टरने सोबत्याला सोडवले, आणि सोबत्याने डॉक्टरला सोडवले. लोककथेतील नायक आणि त्याचा सहाय्यक हा भाग शिकवताना विद्यार्थी हटकून विचारतात की सहाय्यकाचे काम नेमके काय, संकटात सापडणे की संकटातून काढणे? मोजून दाखवता येईल असे काहीतरी हाताशी असावे, एवढाच हेतू होता. हिशेब पहिल्याच कथेत अडला.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर या मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक, लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, दोघेही त्या वेळी तिशीच्या आतले. या कथेतला डॉक्टर हा पुढे जगप्रसिद्ध झालेला परोपकारी प्रवासी नव्हे. तो एक तिरसट, संशयी म्हातारा आहे. लंडनमधील एका शाळेचे दोन शिक्षक, विज्ञान शिकवणारा इयन चेस्टरटन आणि इतिहास शिकवणारी बार्बरा राइट, आपल्या विद्यार्थिनीचा, म्हणजे त्याच्या नातीचा, माग काढत त्याच्या कालयानात शिरतात. त्यांनी नको ते पाहिले म्हणून तो त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध घेऊन उडतो. म्हणजे सोबती हे मुळात अपहृत, आणि अपहरणकर्ता नायकच!

यान अश्मयुगात उतरते. तेथे सर्वांत आधी पकडला जातो तो डॉक्टर. त्याला सोडवायला निघालेले दोघे शिक्षक आणि नात सुझन हेही पकडले जातात. चौघांचे बंध अखेर कापते ती टोळीतील एक म्हातारी, आणि तेही दयेपोटी नव्हे. या परक्यांनी टोळीला अग्नी देऊ नये, त्यांनी निघून जावे, एवढाच तिचा स्वार्थ. मालिकेतल्या या पहिल्या सोडवणुकीला आमच्या वहीत जागाच नव्हती. तिसरा रकाना आखावा लागला.

त्याच कथेत पुढे एक प्रसंग आहे. पळताना मागावर असलेला टोळीतला एक माणूस हिंस्र श्वापदाच्या हल्ल्यात जखमी होतो. बार्बरा त्याला सोडून पुढे जायला तयार नाही. अशा वेळी डॉक्टर हळूच एक दगड उचलतो. इयन त्याचा हात धरतो आणि काय चालले आहे ते विचारतो. जखमी माणसाकडून जमिनीवर वाट काढून घ्यायची होती, असे थातुरमातुर उत्तर डॉक्टर देतो. प्रेक्षकाला ते पटत नाही, इयनलाही पटत नाही. येथे इयनने कोणाला वाचवले? जखमी माणसाला, हे उघडच आहे. पण मला वाटते त्याने डॉक्टरलाही वाचवले. त्या क्षणी तो दगड खाली आला असता तर पुढच्या साठ वर्षांची मालिका या नायकाला घेऊन उभी राहिली नसती. बाईंचे मत वेगळे होते. त्यांच्या लेखी धोका जिवाला हवा, चारित्र्याला असलेला धोका वहीत धरू नये. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही, पण चौथा रकाना मात्र आखला गेला.

साहित्याच्या अभ्यासकांना व्लादिमीर प्रॉपचे नाव नवे नाही. १९२८ साली त्याने रशियन अद्भुतकथांतील ३१ कार्ये क्रमवार सांगितली. सोडवणूक म्हणजे नायकाने राजकन्येला सोडवणे, असे आपण वर्गात जवळजवळ गृहीत धरतो. प्रॉपची यादी पुन्हा नीट पाहिली तर गंमत दिसते. बाविसावे कार्य 'सोडवणूक' या नावाचे आहे, आणि त्यात सोडवला जातो तो पाठलागात सापडलेला नायक. राजकन्येची मुक्तता त्याच्या आधीच, अभावाच्या पूर्तीत, उरकलेली असते. शिवाय सहाय्यक आणि राजकन्या या प्रॉपच्या लेखी दोन वेगळ्या भूमिका आहेत. 'डॉक्टर हू'ने त्या एकाच पात्रात कोंबल्या, आणि तेथूनच सारा गुंता सुरू झाला.

तरीही पहिला रकाना भराभर भरत गेला हे खरे. डॉक्टरने सोबत्याला सोडवल्याच्या नोंदी पानामागून पान चालल्या होत्या. त्याचे कारण पुरुषप्रधान दृष्टी एवढेच सांगून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते खोटेही नाही. पण त्याहून आधीचे कारण रचनेत आहे. मालिका आठवड्याला एक, सुमारे २५ मिनिटांचा, अशी चाले. पहिल्या हंगामातच ४२ भाग झाले. प्रत्येक भागाचा शेवट कोणीतरी मरणाच्या दारात उभे असताना करावयाचा, म्हणजे प्रेक्षक पुढच्या शनिवारी परत येईल. आता डॉक्टर मरणार नाही हे मालिकेच्या नावावरूनच कळते. सोबत्याचे तसे नाही. सोबती खरोखरच जाऊ शकतो. त्यामुळे भागाच्या टोकाशी भिंतीला पाठ लावून किंचाळण्याचे काम साहजिकच सोबत्याकडे आले. टेरी नेशन यांनी लिहिलेल्या डालेकांच्या पहिल्या कथेत, डिसेंबर १९६३ मध्ये, बार्बराच्या दिशेने एक यांत्रिक हात सरकत येतो आणि भाग संपतो. समोर काय आहे ते प्रेक्षकाला दिसतही नाही. त्या एका शेवटाने पुढील कित्येक वर्षांचा साचा घालून दिला.

पण साचा म्हणजे सगळे नव्हे. त्याच डालेक कथेत डॉक्टर यानाचा एक भाग बिघडल्याची थाप मारून सर्वांना संकटात लोटतो, आणि डालेकच्या पोकळ कवचात बसून बाहेर पडण्याचा धोका इयन पत्करतो. लगेच पुढच्या, फेब्रुवारी १९६४ मधील दोन भागांच्या कथेत यान विनाशाकडे चालले आहे आणि डॉक्टर दोन्ही शिक्षकांवर घातपाताचा आळ घेतो. यान स्वतःच आपल्याला इशारे देत आहे, हे ओळखते ती बार्बरा. डॉक्टरला तिची क्षमा मागावी लागते. इतिहासाच्या शिक्षिकेने चिन्हांचे वाचन करून सर्वांचे प्राण वाचवावेत, हा प्रसंग आपल्या व्यवसायातील माणसांना विशेष आवडावा असा आहे. (बाईंनी ही नोंद लाल शाईने केली.)

काही नोंदी तर निव्वळ वेळापत्रकाने घडवल्या. वर्षभर चित्रण चालत असल्याने नटांना मध्येच सुट्टी द्यावी लागे. १९६४ च्या एका कथेत विल्यम हार्टनेल दोन भाग पडद्यावर नाहीतच, आणि त्याच वर्षी डालेकांच्या दुसऱ्या कथेत ते जखमी झाल्याने एका भागापुरता डॉक्टरला बेशुद्ध करावे लागले. नायक निजला म्हणजे सोबती आपले आपण निभावतात. मोजणी करणाऱ्याची आणखी एक अडचण अशी की साठच्या दशकातील बरेच भाग बीबीसीने पुसून टाकले. त्यांचे ध्वनिमुद्रण उरले आहे, पण कोणी कोणाचा हात धरून ओढले हे नुसत्या आवाजावरून ठरवणे कठीण.

१९७० साली लिझ शॉ ही केंब्रिजची शास्त्रज्ञ डॉक्टरची सहकारी म्हणून आली आणि एका हंगामात गेली. डॉक्टरला समजावून सांगण्याजोगे काही उरावे यासाठी कमी जाणणारे पात्र हवे, असा निर्माते बॅरी लेट्स यांचा विचार होता. १९७१ मध्ये जो ग्रँट आली. ज्याला समजावून सांगावे लागते त्यालाच पुढे सोडवावेही लागते, हे समीकरण येथे जवळजवळ उघड झाले. तरीही त्याच वर्षीच्या 'द डीमन्स' या कथेत ॲझल नावाची महाशक्ती डॉक्टरला मारणार तोच जो पुढे होते आणि याच्याऐवजी मला मार, म्हणते. स्वतःचा जीव असा देऊ करण्याचा अर्थ त्या शक्तीला लागत नाही आणि ती नष्ट होते. कथानक म्हणून हा शेवट लंगडा आहे, तो मी वर्गात शिकवणार नाही. पण जिच्याकडे ज्ञान नाही असे ठरवून जिला आणले, तिने ज्ञानाच्या पलीकडच्या एका कृतीने नायकाला वाचवावे, यात लेखकांच्याही नकळत काहीतरी निसटले आहे.

पुढचे थोडक्यात. १९८२ मध्ये एड्रिक हा सोबती मेला, डॉक्टर त्याला सोडवू शकला नाही. १९८४ च्या 'द केव्ह्ज ऑफ ॲन्ड्रोझानी'त उतारा एकालाच पुरेल इतका होता. तो पेरीला देऊन डॉक्टरने आपला देह सोडला. अर्थात त्याला पुन्हा देह मिळतो, आणि हा हिशेब मुळातच विषम आहे हे येथे विसरू नये. सोबत्यापाशी देण्यासाठी जीव एकच असतो. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' पाहिलेल्यांना त्यातील १९६७ चा एक भाग आठवत असेल : इतिहासाचा प्रवाह टिकावा म्हणून कर्क आपल्या प्रिय स्त्रीला वाचवायला धावणाऱ्या मॅकॉयलाच धरून ठेवतो. न सोडवण्याची अशी नोंद करायला आमच्या वहीत पाचवा रकाना हवा होता. तो आम्ही आखला नाही.

१९८९ मध्ये बंद पडलेली मालिका २६ मार्च २००५ रोजी परतली ती रचना बदलून. भाग आता सुमारे ४५ मिनिटांचा आणि बहुधा स्वयंपूर्ण. दर आठवड्याला कोणाला तरी टांगून ठेवण्याची गरज कमी झाली, आणि सोडवणुकीची दिशा लगेच पालटली. पहिल्याच भागात दुकानात काम करणारी रोझ साखळीला लोंबकळून झेप घेते आणि पकडलेल्या डॉक्टरला सोडवते. त्या हंगामाच्या शेवटी ती यानाच्या गाभ्यातील शक्ती अंगावर घेऊन डालेकांचा नाश करते. ती शक्ती तिला जाळू लागताच डॉक्टर ती स्वतःत ओढून घेतो आणि मरून नवा होतो. कोणी कोणाला वाचवले? आम्ही दोन्ही रकान्यांत खूण केली.

खरी अडचण २००८ मध्ये आली. डोना नोबल ही या सोबत्यांतली सर्वांत बोलकी, आणि चौथ्या रकान्याची मानकरी. २००६ च्या नाताळात, शत्रूची पिले बुडत असताना पाहत उभ्या राहिलेल्या डॉक्टरला आता थांब म्हणून सांगणारी तीच. २००८ च्या शेवटच्या भागात डॉक्टरची बुद्धी तिच्यात उतरते आणि ती विश्व वाचवते. पण मानवी मेंदूला ते पेलणारे नाही. डॉक्टर तिचा जीव वाचवण्यासाठी तिच्या सगळ्या प्रवासाची स्मृती पुसतो. ती नको म्हणते, पुन्हा पुन्हा म्हणते, तरी पुसतो. ती जगते आणि आपण कोण झालो होतो हे विसरते. पहिल्या रकान्यात हे लिहायला माझा हात धजावेना. बाई म्हणाल्या, जीव वाचला आहे, तुमचा नियम तुम्हीच मोडू नका. नियम त्यांचा होता, माझा नव्हे. असो.

मालिकेलाही ते सलत असावे. २०१५ मध्ये क्लारा या सोबतिणीला मृत्यूच्या क्षणातून उचलून आणल्यावर डॉक्टर तिचीही स्मृती पुसायला निघतो. क्लारा त्याचा बेत ऐकते, त्याच्या यंत्रात बदल करते आणि माझ्या आठवणी माझ्या आहेत, हे त्याला ठणकावते. शेवटी दोघे मिळून यंत्राची कळ दाबतात आणि विसरतो तो डॉक्टर. तिला वाचवण्याच्या हट्टापासून त्याची सुटका तिने केली, असे मी लिहिले. या वेळी बाईंनी विरोध केला नाही.

२५ नोव्हेंबर २०२३ च्या भागात डोना परत आली. आठवले तर मरशील, हे तिला आधी सांगितले जाते. लंडन वाचवण्यासाठी ती स्वतः होकार देते, मग तिला सारे आठवते. ती मरत नाही, कारण तो वारसा तिच्या मुलीत वाटला गेलेला असतो. तो भाग आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. संपल्यावर बाईंनी वही मागून घेतली आणि २००८ चे पान काढले. डोनाच्या नावापुढची जागा इतकी वर्षे कोरी होती. तेथे त्यांनी पेन्सिलीने 'अपहरण' असे लिहिले, आणि शेजारी १९६३ च्या पहिल्या पानाचा क्रमांक टाकला.