ऐकणाऱ्याच्या अंगात : प्रस्तावना

काशाचे वाडगे, गाँग, ट्यूनिंग फोर्क, तंबोरा नाहीतर नुसता ओंकार, साधन कोणतेही असो, ध्वनी-उपचाराच्या सत्राची जाहिरात एकाच शब्दावर चालते : शांती. माणूस चटईवर उताणा पडतो, डोळ्यांवर पट्टी घेतो आणि पाऊण-एक तास ऐकत राहतो. बहुतेकांना बरे वाटते. काहींना झोप लागते, एखादा घोरू लागतो आणि शेजारच्याची शांती मोडतो. पण त्याच खोलीत आणखीही काही घडत असते. कुणाच्या डोळ्यांना धार लागते. उताणे पडल्यामुळे ते पाणी गालावर न येता कानशिलावरून थेट कानात उतरते आणि आपण रडतो आहोत हे त्या माणसाला कानात गार लागल्यावर कळते. कुणाचा पाय एकदम उडतो. पोटात गुडगुडते, तोंडाला पाणी सुटते, बोटांना मुंग्या येतात. कुणाला हसू आवरत नाही, कुणाला भीती वाटते, कुणाला चक्क राग येतो. कुणी उठून बसले की भिंत धरावी लागते. आणि एखादा घरी जाऊन दोन दिवस उदास राहतो.

या ‘आणखीही काही’च्या अभ्यासाकडे वाचकाला घेऊन जाणे हे या प्रस्तावनेचे काम. वैद्यक, मानसशास्त्र, संगीतशास्त्र आणि लोकसंस्कृती यांच्या बांधावर हे शेत आहे आणि त्याचा सातबारा अजून कुणाच्याच नावावर नाही. त्यामुळे येणाऱ्या कुणालाही येथे जागा आहे. माझे म्हणणे एवढेच की, अशा प्रतिक्रियांना आपण अनपेक्षित म्हणतो ते ऐकवणाऱ्याने फक्त शांतीची अपेक्षा बाळगलेली असते म्हणून. ऐकणाऱ्या देहाकडून त्यांची अपेक्षा फार पूर्वीपासून केली गेली आहे, आणि तीही आपल्या अगदी जवळ.

तळेगाव दाभाड्याहून उत्तरेला इंद्रायणी ओलांडली की भंडारा डोंगर. तुकोबांच्या एकांताची ही जागा, आणि तिथले कीर्तन-सप्ताह या भागातल्या लोकांना सांगावे लागत नाहीत. पश्चिमेला लोकल धरली तर वडगाव, कान्हे, कामशेत करीत मळवलीला उतरावे. तिथून कार्ल्याचा डोंगर जवळ. चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी येतात आणि ढोल-ताशांत अनेकींच्या अंगात येते. त्याच लोकलने शेवटपर्यंत गेले की लोणावळा. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योग-संशोधनाची संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. कीर्तन, अंगात येणे आणि प्रयोगशाळा एकाच नदीच्या खोऱ्यात, तासाभराच्या प्रवासात सापडावीत, असा योग अभ्यासकाला सहसा मिळत नाही. शहराला कंटाळलेली माणसे तळेगावला पूर्वीपासून हवापालटासाठी येत. आता ती मावळातल्या रिसॉर्टांत शनिवार-रविवार ध्वनिस्नानाला येतात. म्हणजे चौथी जागाही याच खोऱ्यात आहे.

कुवलयानंदांचे नाव येथे मुद्दाम घेतले. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण आणि दाब मोजण्याची साधने वापरली. योगाचे गोडवे गाणारे तेव्हाही पुष्कळ होते. गोडव्यांऐवजी मोजमाप छापणारा माणूस दुर्मीळ होता. ध्वनी-उपचाराला आज तशाच माणसाची गरज आहे.

जुने दाखले मात्र त्याहून कितीतरी मागे जातात. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितले : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. ताठ होणे, घाम सुटणे, काटा येणे, आवाज फुटणे, कापणे, रंग उतरणे, डोळे भरणे, शुद्ध हरपणे. सत्रानंतर लोक जे सांगतात त्याची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. पोटाची गुडगुड तेवढी भरतमुनींच्या नजरेतून सुटली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी हे भाव संजयाच्या अंगी उमटतात, आणि तेही श्रीकृष्णाचे शब्द निव्वळ ऐकल्याने. तेच शब्द शेजारी बसलेला धृतराष्ट्रही ऐकत असतो, पण तो ढिम्म. माझ्या मते या विषयाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिथेच मांडला गेला आहे. ध्वनी एकच होता, मग एकाचे अंग का कापले आणि दुसऱ्याचे का नाही?

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वरांची चर्चा सुरू होण्याआधीच त्यात पिंडोत्पत्तीचे प्रकरण येते, म्हणजे गर्भ कसा वाढतो आणि देह कसा घडतो याचे. शार्ङ्गदेवाच्या घराण्यात वैद्यकी होती, हे कारण असेलही. पण स्वराचा विचार देहापासून सुरू करायचा हा त्याचा क्रम आजच्या अभ्यासकानेही सोडू नये.

आता आधुनिक बाजू. २००१ साली मॉन्ट्रियलमध्ये अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी संगीत ऐकताना अंगावर काटा येणाऱ्यांचे मेंदू तपासले. प्रत्येकाने स्वतःच्या आवडीची रचना आणली होती. तिने काटा आला, आणि मेंदूतले सुखाशी, बक्षिसाशी जोडलेले भाग जागे झाले. पण एकाची रचना दुसऱ्याला ऐकवली तेव्हा तो परिणाम नव्हता. संजय आणि धृतराष्ट्र पुन्हा शेजारी बसले, एवढेच. ध्वनीसोबत ऐकणाऱ्याचे पूर्वायुष्य खोलीत येते. आईच्या शेवटच्या आजारपणात घरात भजनाची कॅसेट चालू असायची, त्या माणसाला तंबोऱ्याचा पहिला झंकार कुठे नेऊन सोडेल हे तंबोरा छेडणाऱ्याला ठाऊक नसते.

देहाचा वाटा याहून साधा आणि म्हणून दुर्लक्षित. ओंकारात श्वास आपोआप लांबतो. इटलीतल्या पाव्हियाच्या लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्येच दाखवले की, लॅटिनमधली ‘आवे मारिया’ची जपमाळ असो की ‘ओम मणि पद्मे हुं’, दोन्हींनी श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. तरीही तासभर निवांत पडलेला, कदाचित रिकाम्या पोटी आलेला माणूस झटकन उभा राहिला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. त्याला कुंडलिनीची गरज नाही. मुंग्यांचेही तसेच : भावनेच्या भरात कुणी भराभर खोल श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटे, ओठ बधिरतात.

काही प्रतिक्रिया थेट कानातून येतात. आतल्या कानात ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे अवयव एकमेकांना लागूनच आहेत. मोठ्या आवाजाने गरगरणे याला पिएत्रो तुलिओ या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव आहे, त्याने १९२९ मध्ये कबुतरांवर ते दाखवले. १९९८ मध्ये लॉइड मायनर यांनी उलगडा केला की काही माणसांच्या आतल्या कानातल्या एका अर्धवर्तुळाकार नळीवरचे हाड विरळ किंवा उघडे असते आणि आवाजाचा दाब तिथे शिरतो. अशा माणसाच्या डोक्याशी गाँग वाजवून ‘ऊर्जा हलते आहे’ म्हणणे हा अज्ञानाचा निरागस प्रकार नव्हे. संगीताने अपस्माराचा झटका येणे अतिशय विरळ, पण १९३७ पासून वैद्यकात नोंदलेले. कानात सतत गुणगुण ऐकू येण्याचा त्रास असलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा, आणि त्यांना वाडग्याआधी कानाच्या डॉक्टरकडे पाठवावे.

भीती आणि राग यांचे काय? १९८३ मध्ये हाइड आणि बॉर्कोव्हेक यांनी चिंताग्रस्त लोकांना शिथिल व्हायला शिकवताना पाहिले की, शिथिल होता होताच काहींची चिंता वाढते. जो माणूस वर्षानुवर्षे ताणाच्या आधारावर उभा आहे, त्याला ताण सोडणे म्हणजे पहारा सोडणे वाटते. त्याला ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणणे हीच त्याची अडचण असते.

वाडग्याच्या ध्वनीविषयी थोडे. हाताने घडवलेला वाडगा पुरता गोल नसतो. त्यामुळे जवळजवळ सारख्या दोन कंपनांचा आवाज एकदम निघतो आणि त्यांच्या फरकाचे ठोके ऐकू येतात, ते ‘वँ-वँ’ सारखे मंद डोलणे. या ठोक्यांशी मेंदू सूर जुळवतो असे छातीठोकपणे सांगितले जाते, पण पुरावा तेवढा दणकट नाही. ४३२ हर्ट्झला लावलेला सूरच देहाला बरा करतो, ही गोष्ट तर त्याहून पोकळ. आमच्याकडे कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी पाचमध्ये, आणि ऐकणारे दोन्हीकडे रडतात. षड्ज गळ्यानुसार ठरवणाऱ्या परंपरेतल्या माणसाने एका जादुई आकड्यापुढे मान तुकवावी, याचे नवल वाटते.

आता खरा वादाचा मुद्दा. सत्रात कुणी हमसून रडले की आयोजक सांगतात, ‘छान, साठलेले बाहेर पडते आहे.’ हसला तरी बाहेर पडते आहे, उलटी झाली तरी, दोन दिवस झोप उडाली तरीही. जे काही होईल ते उपचाराचे यशच, असे ठरवून टाकल्यावर उपचार चुकला हे कळायला वाटच उरत नाही. दुसऱ्या टोकाला ‘सगळे ढोंग’ म्हणणारे आहेत. त्यांचा आळसही तेवढाच. फ्रेंच अभ्यासक जिल्बेर रुजे यांनी १९८० मधल्या ग्रंथात संगीत आणि भारावस्था (ट्रान्स) यांचा जगभरचा धांडोळा घेऊन दाखवले की ढोल स्वतःच्या बळावर कुणाला घुमवत नाही. अमुक लयीत अमुक होणार हे ज्या समाजात सगळ्यांना ठाऊक असते, तिथेच ते होते. याचा अर्थ घुमणारी बाई खोटी असा नव्हे. याचा अर्थ तिच्याभोवती जो मांडव आहे तोही अभ्यासायला हवा.

तो मांडव एकवीरेच्या पायऱ्यांवर नीट पाहता येतो. बाई घुमू लागली की भोवतीची माणसे दोन हात मागे सरतात, पण पांगत नाहीत. एखादी थोरली बाई तिचा पदर सावरते, सुटलेले केस तोंडावरून बाजूला करते. कपाळाला हळद-कुंकू लागते. ‘बोल आई, काय पायजे?’ असे कुणी विचारते. तिचे बोलणे ऐकले जाते, वादक लय उतरवतात, तिला खाली बसवून पाणी देतात. आणि घटकाभराने तीच बाई पोरांना चहा-बिस्किटे वाटत असते. कीर्तनातही गहिवरून नाचणाऱ्या म्हाताऱ्याला दोन टाळकरी खांद्याने अलगद अडवून धरतात, टाळ न थांबवता. प्रतिक्रियेला जागा, साक्षीदार, शेवट आणि नंतरचे माणसांत परतणे, हे सगळे ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणानेही हे मानले : धर्मात किंवा संस्कृतीत मान्य असलेल्या प्रसंगाबाहेर, नको असताना येणारी भारावस्थाच विकार म्हणून नोंदवायची, असे त्यात म्हटले आहे.

जुन्याचे गोडवे गाण्याचा इरादा नाही. याच मांडवाखाली ‘बाहेरचे झाले’ म्हणून बायकांना मारहाण झाली, दवाखान्याऐवजी भगताकडे नेले गेले. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो काही हौसेने नव्हे. पण चटईवरच्या सत्रात नेमकी उलटी उणीव आहे. तिथे डोळ्यांवर पट्टी असते, शेजारी अनोळखी माणूस असतो, आणि रडणाऱ्याला ‘थांबवू नका’ यापलीकडे काही सांगितले जात नाही. तास संपला की पुढच्या तुकडीसाठी चटया झटकल्या जातात.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून सुरुवात नोंदींपासून करावी. कोणते वाद्य, किती जवळ, किती मोठ्याने. माणूस बसला होता की पडला होता. जेवून किती वेळ झाला. अपस्मार, कानाचा विकार, हल्लीच घरात झालेला मृत्यू, यांची आधी विचारणा झाली होती का. डोळे उघडायची, उठून जायची मुभा होती का. सत्रापूर्वी त्याला काय होईल असे सांगितले होते, कारण सांगितलेलेच पुष्कळदा होते. आणि आठवड्याने त्याला पुन्हा विचारले का. ही शेवटची नोंद बहुतेक ठिकाणी सापडत नाही, आणि सगळ्यात मोलाची तीच.

माहितगारही नव्याने शोधावे लागतील. कानाचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, गायक तर हवेतच. पण ज्यांनी उभ्या आयुष्यात हजारो ऐकणाऱ्यांचे चेहरे समोरून पाहिले आहेत, त्या कीर्तनकारांना, मृदंगियांना, संबळ-हलगी वाजवणाऱ्यांना आजवर कुणी प्रश्नावली दिलेली माझ्या पाहण्यात नाही. गर्दीतल्या कुणाकडे पाहून हलगीवाला लय चढवतो, आणि कुणाकडे पाहून उतरवतो, हे त्याला विचारायला हवे.

तळेगाव दाभाडे