कौलावरचे साल

आम्हां भुसावळकरांचे पाणी तापीचे आणि वाहन आगगाडीचे. बुडालेल्या जहाजांशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. पण मंगळुरी कौले तर आपण खानदेशातही पाहिली आहेत ना?

लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू केले. पुढे तेथील संशोधकांना सुंची खडकापाशी तोफा, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. जहाज सतराव्या शतकातले, पोर्तुगीजांचे.

मला मात्र गोडी वाटते ती सेंट जॉर्ज खडकाजवळच्या मालाची. सोनेनाणे काही नाही. विटा, कौले, मातीचे नळ आणि मातीच्याच खांबांची नक्षीदार शिरे! त्यांवर ठसा: ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’. उतावळा माणूस म्हणेल, जहाज १८६५ साली बुडाले. छे! ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे. पुढच्या मालावरही तेच उमटे. जहाज त्यानंतर बुडाले, एवढेच त्यावरून ठरते.

बाकीचे सांगते ती वस्तूची जागा. हौसेखातर कुणी कौल उचलून नेले, की कौल राहते. ते कशाखाली, कशाशेजारी पडले होते, हे कायमचे जाते. म्हणून हे पाणबुडे आधी मोजमाप घेतात, नकाशा काढतात, मगच वस्तूला हात लावतात. वर आणलेली वस्तूही लगेच वाळू देत नाहीत; गोड्या पाण्यात ठेवून तिच्यातले मीठ सावकाश उतरवतात.