ऑफ-रोड एसयूव्ही घेण्यापूर्वी : सातारा-सांगलीच्या वाटांसाठी काय तपासावे?

नोकरी पुण्या-मुंबईत आणि शेत किंवा घर सातारा-सांगलीकडे, अशी असंख्य कुटुंबे आहेत. पुढची गाडी ‘फोर बाय फोर’ घ्यावी का, हा प्रश्न अशा घरांतून हल्ली हमखास निघतो. महिंद्रा थार (२०२०), मारुती सुझुकी जिमनी (२०२३), फोर्स गुरखाची नवी आवृत्ती आणि थार रॉक्स (दोन्ही २०२४) या गाड्यांमुळे ग्राहकापुढे प्रथमच खऱ्या अर्थाने पर्याय उभे राहिले आहेत. मात्र शोरूममध्ये चर्चा होते ती सनरूफची आणि पडद्याच्या आकाराची. गाडी चिखलात रुतल्यावर या दोन्हींचा काही उपयोग नसतो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. थार म्हणजे फोर बाय फोर, हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागील चाकांना शक्ती देणाऱ्या स्वरूपातही मिळते. थार रॉक्समध्ये फोर बाय फोरची सोय फक्त डिझेल इंजिनासोबत आहे, पेट्रोल रॉक्स मागील चाकांवरच चालते. स्कॉर्पिओ-एनचेही बहुतेक प्रकार तसेच आहेत. दिसायला दोन्ही गाड्या सारख्याच, म्हणून नोंदणीचे पैसे भरण्यापूर्वी नेमका प्रकार कागदावर लिहून घ्यावा. जिमनी आणि गुरखा यांत मात्र फोर बाय फोर सरसकट मिळते.

जमीन कोणती, त्यावर गाडी ठरते

या दोन जिल्ह्यांत ‘कच्चा रस्ता’ नावाची एकच गोष्ट नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बाजूला जांभा दगड, तीव्र चढ आणि प्रचंड पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे जेमतेम पाचशे-साडेपाचशे. तेथे मुरूम, माळ आणि कोरडे ओढे. मधल्या कृष्णाकाठी, म्हणजे वाळवा, पलूस, मिरज भागात काळी कसदार जमीन. उसाच्या तोडीच्या दिवसांत भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या ही तिथली खरी परीक्षा.

चाकोरीत गाडी अडते ती पोटावर. म्हणून ‘ग्राउंड क्लिअरन्स’ म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची आधी पाहावी. थारचा आकडा २२६ मिलिमीटर, जिमनीचा २१०, आणि २०२४ च्या गुरखाचा २३३. पण हा आकडा एकट्याने फसवा असतो. शेताचा बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि मधला भाग बांधावर टेकतो. हे टाळणाऱ्या कोनाला ‘रॅम्प-ओव्हर अँगल’ म्हणतात आणि तो दोन चाकांमधील अंतरावर, म्हणजे व्हीलबेसवर, अवलंबून असतो. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, तिचा हा कोन सुमारे २६ ते २७ अंश. रॉक्सचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर, त्यामुळे कोन २३.९ अंशांवर येतो. मागच्या आसनावरील आजी-आजोबांची सोय आणि बांध ओलांडण्याची क्षमता यांचा सौदा असा थेट आकड्यांत दिसतो. थार आणि रॉक्स यांचा पुढचा ‘अ‍ॅप्रोच अँगल’ ४१ अंशांच्या वर आहे, गुरखाचा ३९ आणि जिमनीचा ३६. हा कोन ओढ्याचा उभा काठ चढताना कामी येतो.

वजनाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. जिमनी सुमारे १२०० किलोची, थार पावणेदोन टनांच्या आसपास आणि पाच दरवाजांची गुरखा त्याहूनही जड. ओल्या काळ्या मातीत हलकी गाडी कमी रुतते आणि रुतलीच तर दोन-चार माणसांच्या धक्क्याने निघू शकते. जिमनीची रुंदी १६४५ मिलिमीटर, तर थारची १८२० आणि रॉक्सची १८७०. समोरून उसाची दुहेरी ट्रॉली आली की हा सव्वादोनशे मिलिमीटरचा फरक फार मोठा वाटतो. उणी बाजू अशी की जिमनीचे पेट्रोल इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १३४ न्यूटन-मीटर एवढेच बळ देते. चार माणसे आणि सामान घेऊन यवतेश्वरचा घाट चढताना वारंवार गिअर उतरवावा लागतो. थारचे २.२ लिटर डिझेल ३०० आणि गुरखाचे २.६ लिटर डिझेल ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेथे इंजिन असे धापा टाकत नाही.

दोन दांडे आणि एक कुलूप

‘फोर-हाय’ आणि ‘फोर-लो’ यांतील फरक विक्रेत्यालाही अनेकदा नीट सांगता येत नाही. या चारही गाड्यांत ‘लो रेंज’ची सोय आहे. त्यात चाकांचा वेग कमी होऊन ओढ कित्येक पटींनी वाढते. तीव्र उतारावर ब्रेक न तापवता गाडी उतरवायलाही तीच उपयोगी. मात्र या चारही गाड्यांची यंत्रणा ‘पार्ट-टाइम’ प्रकारची आहे. पुढची आणि मागची चाके एकत्र जखडली गेल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेतली तर यंत्रणेवर ताण येतो. पावसाळ्यातील निसरड्या घाटात ती लावावी, महामार्गावर नाही.

यापुढचा मुद्दा डिफरन्शिअल लॉकचा. जांभ्याच्या खडकावर गाडी तिरकी झाली की समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन चाके अधांतरी होतात. साध्या डिफरन्शिअलमध्ये सारी शक्ती त्या अधांतरी चाकांना मिळते, ती गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. गुरखात पुढे आणि मागे, दोन्हीकडे चालकाने हाताने लावायचे यांत्रिक लॉक मिळतात. या किमतीत हे दुर्मीळ आहे. रॉक्सच्या वरच्या फोर बाय फोर प्रकारांत मागे इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. जिमनी फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून शक्ती दुसऱ्या चाकाकडे वळवते. हलक्या गाडीला ते बहुतांशी पुरते. केवळ यंत्रक्षमता पाहिली तर आमच्या मते गुरखा सर्वांत पुढे आहे. पण तिच्यात एअरबॅग दोनच आहेत आणि फोर्सची सेवाकेंद्रेही तुलनेने कमी. रॉक्सला २०२४ मध्ये भारत एनसीएपी चाचणीत पाच तारे मिळाले, थारला २०२० मध्ये ग्लोबल एनसीएपीत चार. जिमनीत सहा एअरबॅग आहेत. तिच्या तीन दरवाजांच्या परदेशी आवृत्तीला युरो एनसीएपीने २०१८ मध्ये तीन तारे दिले होते.

पाण्याचा आकडा

माहितीपत्रकात थार-रॉक्ससाठी ६५० आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली असते. सांगलीकरांनी हा आकडा विशेष सावधपणे वाचावा. तो स्थिर पाण्यासाठी, घट्ट तळ असलेल्या जागेसाठी आणि अत्यंत संथ वेगासाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती, धोक्याची पातळी ४५ फुटांची. अशा वेळी रस्त्यावरून वाहणारे पाणी गुडघाभर दिसले तरी ते गाडी बाजूला ढकलते आणि खालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही. गुरखाला कारखान्यातूनच मिळणारा स्नॉर्केल इंजिनाला हवा पुरवतो, गाडीला प्रवाहात पाय रोवून देत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिन निकामी होते आणि साध्या विम्यात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्याने ‘इंजिन प्रोटेक्शन’चे जोडकलम घ्यावेच.

‘नंतर बदल करून घेऊ’ हा विचार अनेकजण करतात. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांपासून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण नियमांमुळे ती रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हेही सांगितले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. घरबांधणीच्या जीपचे जे झाले, तेच कायद्याच्या दृष्टीने वाढवलेल्या गाडीचे. मूळ नोंदणीतील वैशिष्ट्यांत फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुढे लावायच्या लोखंडी ‘बुल बार’वर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. तेव्हा लॉक, स्नॉर्केल, तळाची उंची, जे हवे ते कारखान्यातूनच आलेले असावे. टायरबाबत कंपनीने मान्य केलेल्या मापातच ‘ऑल-टेरेन’ निवडावे.

आणि एवढी क्षमता वापरायची कोठे? कासचे पठार, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सड्यावरील मातीचा थर काही बोटांचा, त्यावर एकदा चाक फिरले की फुलांची ती जागा वर्षानुवर्षे उघडी पडते. जुलै २०२५ मध्ये पाटण-सडावाघापूर रस्त्यालगतच्या टेबल पॉइंटवर एक मोटार घसरून दरीत कोसळली. ओल्या गवतावर डिफरन्शिअल लॉकही पकड निर्माण करू शकत नाही.

किमतींबाबत, बाजारात आली तेव्हा जिमनी १२.७४ लाख, तीन दरवाजांची गुरखा १६.७५ लाख आणि रॉक्स फोर बाय फोर १८.७९ लाखांपासून (सर्व शोरूम किमती) होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्याने ताजा दर विचारूनच हिशेब मांडावा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, तर डिझेलला १४ टक्के एकरकमी रस्ता कर पडतो. नोंदणी एमएच-११ ची असो, एमएच-१० ची की एमएच-५० ची, हा दर सारखाच. चाचणीफेरीला कुटुंबातील सर्वांना घेऊन जावे, विक्रेत्याला ‘फोर-लो’ लावून दाखवायला सांगावे आणि शक्य झाल्यास स्वतःच्या शेताच्या वाटेपर्यंत गाडी न्यावी. वयस्कर मंडळींना फूटबोर्डाशिवाय चढता येते का, हे तेथेच कळेल.