आयोयोते

मेक्सिकोतील नर्तक घोट्यावर बांधतात तो बियांच्या कवचांचा खुळखुळा. शब्द स्पॅनिशमध्ये रुळलेला असला तरी मूळचा नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांच्या भाषेतला.

आयोयोतेचे झाड कण्हेरीच्या कुळातले. त्याच्या फळातली आठळी लाकडासारखी टणक असते. आतला गर काढून तिला भोक पाडतात आणि अशी कवचे चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या पट्टीवर दाटीने बांधतात. पट्टी नाड्यांनी घोट्याच्या वर आवळली की वाद्य तयार. घुंगरात आतला खडा धातूवर आपटतो. इथे आत काहीच नसते, कवचेच एकमेकांवर आदळतात. म्हणून नाद खणखणीत नाही, कोरडा आणि सळसळता येतो, पाचोळ्यावर सर कोसळावी तसा. मधोमध वेवेत्ल हा उभा ढोल, भोवती रिंगण, आणि पावलापावलाला उमटणारा हा नाद. ढोल थांबला तरी पायांचा ठेका ऐकू येत राहतो. या वाद्याची खरी ताकद तीच.

मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकात हे नृत्य नेहमी दिसते. 12 डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेच्या उत्सवात तर नर्तकांची तिच्या बॅसिलिकासमोर दाटी होते. यातल्या एका परंपरेतले नर्तक ‘कोंचेरोस’ म्हणून ओळखले जातात, कारण ते आर्माडिलोच्या कवचापासून बनवलेले ‘कोंचा’ हे तंतुवाद्य वाजवतात. तारा स्पेनच्या, खुळखुळे इथल्या मातीतले. मेक्सिकन वंशाच्या लोकांनी ही परंपरा अमेरिकेतही नेली आहे.

नाद करणारे दागिने या भूमीला जुने आहेत. सोकालोलगतच्या तेम्प्लो मायोर या अझ्टेक मंदिराच्या उत्खननात तांब्याच्या घंटिका मिळाल्या. तिथेच 1978 मध्ये सापडलेल्या, सुमारे सव्वातीन मीटर व्यासाच्या शिळेवरील कोयोल्शाउकी देवीच्या गालांवरही घंटिका कोरलेल्या आहेत.

मराठी वाचकाला आयोयोते अनोळखी वाटेल, पण त्याचे सख्खे भावंड आपल्या अंगणात आहे: बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर. तीही मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिच्या बिया हृदयाची गती बिघडवतात. वजन घटवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत पिवळ्या कण्हेरीची भेसळ आढळल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अलीकडे ग्राहकांना सावध केले आहे. तेव्हा बिट्ट्यांनी खेळणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवावे. त्या फोडून चाखू देऊ नयेत.