गर्भावस्थेतील मद्यपान

गरोदरपणी स्त्रीने केलेले मद्यसेवन. फ्रान्समधील पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये बाधित बालकांची लक्षणे नोंदवली. ‘गर्भ मद्य संलक्षण’ हे नाव १९७३ मध्ये सिॲटलच्या जोन्स व स्मिथ यांनी दिले. मद्यार्क वारेतून (पहा : वार) गर्भाच्या रक्तात उतरतो, यकृत अपक्व असल्याने त्याचा निचरा सावकाश होतो. खुंटलेली वाढ, आखूड नेत्रफटी, पातळ वरचा ओठ आणि मेंदूची कायमची हानी हे परिणाम. सुरक्षित मात्रा ज्ञात नाही. गरोदरपणी मद्यपानामागे पतीचे व्यसन, घरातील मारहाण, नैराश्य, दिवस गेल्याचे उशिरा कळणे हे जोखमीचे घटक. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात कोरकूंच्या (पहा : कोरकू) सणविधींत मोहाच्या दारूला (पहा : मोह) मान आहे, तेथे आशाताईंचा (गावातील आरोग्य स्वयंसेविकांचा) गरोदरपणातील सल्ला या रूढ प्रथेचे भान ठेवून द्यावा लागतो.