सांघिक मानसिक कणखरता

सांघिक मानसिक कणखरता म्हणजे पराभव, दुखापत किंवा पंचांचा प्रतिकूल निर्णय अशा आघातानंतर संपूर्ण संघाने मिळून आपला खेळ सावरण्याची क्षमता होय. क्रीडा मानसशास्त्रात तिला खेळाडूंच्या वैयक्तिक कणखरतेची केवळ बेरीज मानले जात नाही.

संकल्पना

खेळाडूच्या मानसिक कणखरतेविषयीचे लेखन १९८०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स लोअर यांच्यामुळे प्रसिद्धीस आले. संघाचा स्वतंत्र विचार बराच नंतरचा आहे. पॉल मॉर्गन, डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार यांनी २०१३ मध्ये अशा कणखरतेची व्याख्या मांडली. पुढे त्यांनी २००३चा रग्बी विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील खेळाडूंच्या आत्मचरित्रांचा अभ्यास केला. नेतृत्वाची वाटणी, सतत शिकत राहण्याची वृत्ती, परस्परांतील जिव्हाळा आणि संघाची एकत्रित ओळख हे घटक त्यात महत्त्वाचे ठरले. संकटात कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असणे, हा या सर्वांचा व्यावहारिक अर्थ.

भारतीय हॉकी संघ

भारतीय पुरुष हॉकी संघाची २०२३-२४ मधील वाटचाल हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये ओडिशातील विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी हातची गेली आणि शूटआउटमध्ये हरून भारत उपांत्यपूर्व फेरीपूर्वीच बाहेर पडला. त्यानंतर प्रशिक्षक ग्रॅहॅम रीड यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी क्रेग फुल्टन आले, तर मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टन यांची नेमणूक झाली. २०११चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबतही अप्टन होते. पॅरिस ऑलिंपिकपूर्वी संघाने साहसवीर माइक हॉर्न यांच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये तीन दिवसांचे शिबिर केले.

४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदास याला लाल कार्ड मिळाले. उरलेला सुमारे पाऊण तास भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. मधल्या फळीतील मनप्रीत सिंग बचावात उतरला, हरमनप्रीत सिंगने गोल केला आणि सामना १-१ असा बरोबरीत राहिला. शूटआउट भारताने ४-२ असा जिंकला. गोलरक्षक पी. आर. श्रीजेशची कामगिरी त्यात निर्णायक होती. निलंबित रोहिदासविना उपांत्य सामन्यात जर्मनीकडून २-३ अशी हार झाली, तरी दोनच दिवसांनी स्पेनला २-१ असे नमवून संघाने कांस्यपदक मिळवले. या यशात शिबिराचा वाटा किती, हे मोजता येत नाही. मात्र जागा बदलून खेळण्याची तयारी मैदानावर उघड दिसली.

टीका

कणखरतेच्या नावाखाली दुखापत लपवणे किंवा अपमान सहन करणे यालाही काही वेळा प्रशिक्षण म्हटले जाते, असा आक्षेप घेतला जातो. टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत हवेतील शरीरस्थितीचे भान हरपू लागल्याने अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने माघार घेतली, तेव्हा तिच्यावर दुबळेपणाचा आरोप झाला. उरलेल्या तिघींनी त्या फेरीत रौप्यपदक मिळवले. पॅरिसमध्ये बाइल्ससह अमेरिकन संघाने सुवर्णपदक जिंकले.